अकरा काड्या

तालगारच्या वरच्या रस्त्यासाठी
सपारबेकचं घर पाडणार असं ठरलं,
तेव्हा त्याने कपाटं, गालिचे काही नाही,
आधी परसातलं सफरचंदाचं झाड दाखवलं मला.
"हे घेऊन जा," म्हणाला,
जणू ते खुर्चीसारखं उचलता येईल.

फेब्रुवारी होता. गुडघाभर बर्फ.
मी दातांच्या कवळ्या बनवते; झाडांतलं मला
त्याच्या निम्मंही कळत नाही.
पण धारदार पातं माझ्याकडे असतं
आणि हात थरथरत नाही.
शिडी त्याने धरली. गेल्या उन्हाळ्यातली फूट,
पेन्सिलीएवढी जाड, तेवढीच घ्यायची.
"जुन्या लाकडाला नव्या जागी करमत नाही,"
खालून त्याचा आवाज, आणि मग बराच वेळ खोकला.

अकरा काड्या.
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून
फ्रीजमध्ये ठेवल्या, घोड्याच्या सॉसेजशेजारी.
नवरा रोज दार उघडून विचारायचा,
"पाहुण्या अजून झोपल्यात?"
झोपल्या होत्या. तेच तर हवं होतं:
जाग यायच्या आत
दुसऱ्याच्या मुळांवर त्यांची सोय लागायला हवी.

झानेर्के, माझी धाकटी, नऊ वर्षांची,
तिने वेगळाच उद्योग केला.
सपारबेकच्या तळघरातलं शेवटचं, सुरकुतलेलं सफरचंद खाऊन
बिया तळहातावर थुंकल्या. सात.
एक पोचट निघाली. सहा ओल्या वाळूत पुरून
डबा बाल्कनीत ठेवला.
"गारठतील गं," मी म्हणाले.
"गारठल्याशिवाय त्यांना कसं कळणार
की हिवाळा होऊन गेला?"
हे तिला कुणी सांगितलं, ते तिने सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये भावाच्या तुकड्यावर
रानसफरचंदाचे खुंट तयार होते.
खुंटाला तिरका छेद, काडीला तिरका छेद.
सालीखालची हिरवी रेघ हिरव्या रेघेला भिडली पाहिजे;
केसभर हुकलं की दोन अनोळखी लाकडं
नुसती एकमेकांना टेकून वाळतात.
मेण माझ्या कामावरचं, गुलाबी,
ज्यात मी लोकांच्या हिरड्या घडवते.
अकरा खुंटांना अकरा हिरड्या.
सपारबेक मुलीच्या फ्लॅटवरून आला होता, दोन बस बदलून.
ते गुलाबी बघून हसला, तेव्हा वरची कवळी हलली.
मीच केलेली. सैल झालीय.

मे संपता संपता नऊ काळ्या पडल्या.
दोघींनी डोळे उघडले.
त्यांतल्या एकीचा शेंडा शेजारच्या शेळीने खाल्ला,
खालचा एक डोळा राहिला, तो आता आडवाच वाढतोय.
मी फोनवर सगळं सांगितलं, शेळीसकट.
पलीकडे टीव्हीचा आवाज. मग तो म्हणाला,
"फळाला देठाजवळ गंज असेल. घाबरू नकोस.
त्याला तसाच असतो."

असेलच. काडी काही विसरत नाही.
गंज, आंबटपणा, ऑगस्टमध्ये
पिकायच्या आधी अर्धी फळं टाकून देण्याची खोड,
सगळं घेऊन ती आली आहे,
आणि ज्या घराच्या भिंतीला ती रेलायची
ते घर आता खडीखाली आहे, हे मात्र तिला कुणी कळवलेलं नाही.

बियांतल्या तीन उगवल्या.
पहिली वर आली ती टरफलाची टोपी डोक्यावर घेऊनच;
झानेर्के दोन दिवस ती काढू का, काढू का करत होती.
"ही सपारबेक आजोबांचीच सफरचंदं देणार ना?"
मी म्हणाले, आई तीच, पण बाप कोण
ते त्या वर्षीच्या मधमाशीला ठाऊक.
गोड निघेल, नाहीतर तोंड वाकडं करणारं,
आणि कळायला सात-आठ वर्षं.
तिने बोटांवर मोजलं. "तेव्हा मी सतराची."
आणि पहिल्यांदाच त्या रोपाकडे
जरा संशयाने पाहिलं.

माझ्या दोन कलमांना मी पत्र्याची पट्टी बांधली,
खिळ्याने कोरलं: सपारबेकचं.
तिने आइस्क्रीमची काडी घेतली,
पेन्सिल चावत खूप वेळ उभी राहिली,
मग लिहिलं:
नाव माहीत नाही.
आणि त्याखाली, बारीक अक्षरात,
पाणी घालणार: मी.